कापूस वेचला की विकायचा, की घरात भरून ठेवायचा?

धरणगावकडचे एक भाऊ पेचात आहेत. दारात खेडा खरेदीवाला काटा घेऊन उभा, आणि शेजारी म्हणतो, थांब, भाव चढेल.

आधी भावाचं. 2022 च्या उन्हाळ्यात थांबलेल्यांना क्विंटलमागे 10 हजारांच्या वर मिळाले. ते पाहून पुढच्या हंगामात घरोघर कापूस साठला, आणि भाव उतरत गेला. अर्थशास्त्रातलं हे जुनं कोडं आहे: एकट्याने थांबलं तर फायदा, सगळेच थांबले तर रोखलेला माल कधीतरी एकदमच बाजारात येतो. शिवाय परदेशातला रुईचा (बी काढलेल्या कापसाचा) भाव, सरकीचा (कापसाच्या बियांचा) दर, आयात शुल्क, यांपैकी काहीच आपल्या ओसरीवरच्या ढिगाला विचारून ठरत नाही.

वजनात मात्र लगेच विकणारा जिंकतो असं वाटतं, कारण ओला कापूस जड. पण ओलावा दाखवून व्यापारी भाव पाडतोच. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, 12 च्या वर घेतच नाही. म्हणजे थोडं वाळवणं फायद्याचं. त्यानंतरही ठेवला तर उरते ती वजनातली घट, साठवलेल्या कापसाने अंगाला सुटणारी खाज आणि आगीची धास्ती.

थांबण्याच्या नादात गावच्या सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चला थकलं तर व्याजाची सवलत जाते, ते वेगळंच.

सावकाराचे पैसे किंवा लेकीचं लग्न डोक्यावर असेल, तर वाळवून हमीभावाने मोकळं व्हा. कर्ज नाही, कोरडी खोली आहे, पडलेला भावही सोसेल, त्याने अर्धा ठेवावा. सगळा नाही.