चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य: ओहोटी पाहून चालावी अशी वाट

हिवाळ्यातील एक सकाळ पक्ष्यांच्या सहवासात पायी घालवायची असेल, तर गोव्यात मी सर्वप्रथम चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे नाव सुचवीन. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की धक्क्यापासून थोड्याच अंतरावर प्रवेशद्वार लागते. तेथे तिकीट काढून आत शिरताच दोन्ही बाजूंनी कांदळवनाने वेढलेली, बांधीव पायवाट सुरू होते. 1988 मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे 178 हेक्टर आहे. त्यामुळे दिवसभराच्या दमछाक करणाऱ्या पदभ्रमणाची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांना ही वाट तोकडी वाटेल, परंतु ती जितकी सावकाश चालावी तितकी समृद्ध होत जाते, हे मी तीन हिवाळ्यांच्या अनुभवावरून सांगतो.

येथे घड्याळापेक्षा पाण्याला अधिक महत्त्व आहे. पहिल्या खेपेस मी भर भरतीच्या वेळी पोहोचलो होतो. कांदळवनातील तिवरांच्या झाडांच्या बुंध्यांपर्यंत पाणी चढलेले होते आणि तासाभरात दोन बगळे व एक घार यांपलीकडे काही दिसले नाही. पुढच्या वेळी मी तिथी पाहून गेलो. कोकणपट्टीत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सुमारे सव्वादोनला भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. गोव्यात ही वेळ थोडी अलीकडे येते आणि हा हिशेब अदमासाचाच असल्याने भरती-ओहोटीचे छापील कोष्टक ताडून पाहावे. पण सकाळच्या फेरीसाठी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया निवडावी, एवढे या रीतीवरून पक्के कळते.

पाणी उतरले की वाटेच्या दोन्ही कडांचा चिखल जागा होतो. तिवरांची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे, त्यांच्यामधून उड्या मारणारे निवटे (चिखलात राहणारे मासे), आणि एकच मोठी नांगी उंचावून मादीला खुणावणारे फिडलर खेकडे हे सारे रेलिंगजवळ निमूट उभे राहिल्यास अगदी हाताच्या अंतरावर दिसते. याच मेजवानीसाठी पक्षी येतात. शेपूट सतत खालीवर हलवत चिखलाच्या कडेने धावणारी तुतारी, लाल पायांचा टिलवा, राखाडी किनारी बगळा आणि फांदीवर पुतळ्यासारखा बसलेला काळ्या टोपीचा खंड्या मला एकाच सकाळी दिसले. निळ्या-पांढऱ्या रंगाचा, मानेभोवती पांढरा पट्टा असलेला कॉलर्ड किंगफिशर ही मात्र या कांदळवनाची खरी देणगी आहे. तिसऱ्या खेपेस तो आधी केवळ आवाजावरून कळला, आणि पंधरा मिनिटे तेथेच थांबल्यावर समोरच्या फांदीवर येऊन बसला.

झाडी दाट असल्याने वाटेवरून दूरचे दिसत नाही, म्हणून निरीक्षण मनोरा टाळू नये. वर गेल्यावर झाडांच्या शेंड्यांचा हिरवा पट्टा नजरेस येतो आणि आकाशात ब्राह्मणी घारी घिरट्या घालताना दिसतात. थंडीत मासे पकडणारा कैकर हा शिकारी पक्षीही दिसण्याची आशा धरता येते. झाडाखालच्या मंद प्रकाशासाठी दहापट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीपेक्षा 8×42 ची (आठपट मोठे दाखविणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यातून डोळ्यापर्यंत पोहोचणारी प्रकाशशलाका 5.25 मिलिमीटर रुंद असते, तर 10×42 मध्ये ती 4.2 मिलिमीटर भरते; शिवाय हात थोडा हलला तरी चित्र फारसे थरथरत नाही.

डास भरपूर असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. रविवारी गटागटाने मोठ्याने बोलत चालणारी मंडळी भेटली आणि त्या दिवशी तुतारीशिवाय काहीही जवळ आले नाही; म्हणून शक्य असल्यास आठवड्याच्या मधला दिवस आणि सूर्योदयानंतरची पहिली फेरीबोट साधावी. मनोऱ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने पुन्हा परतावे, कारण दरम्यान पाणी बदललेले असते आणि जाताना रिकामा वाटलेला चिखलाचा तुकडा परतताना पक्ष्यांनी भरलेला सापडतो.