क्रिमिनल लॉच्या रिसर्चसाठी आमच्या कॉलेजची लायब्ररी कशी आहे

एलएलएमच्या डेझर्टेशनला मृत्यूपूर्व जबाब (मरणाऱ्या माणसाने मृत्यूच्या कारणाबद्दल दिलेला जबाब) हा विषय घेतलाय आणि गेले चार महिने रोज दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत बसतेय, कॉलेज पुण्यातलंच आहे, नाव नको. पुढच्या बॅचला उपयोग होईल म्हणून लिहिते.

एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) आणि क्रिमिनल लॉ जर्नल या निकाल छापणाऱ्या मालिकांचे बाइंड केलेले व्हॉल्यूम वर्षवार लावलेत, रतनलाल-धीरजलालच्या आयपीसीवरच्या (भारतीय दंड संहितेवरच्या) भाष्यग्रंथाच्या जुन्या आवृत्त्या पण ठेवल्यात, रद्दीत काढल्या नाहीत, याचं मला खरंच फार बरं वाटलं. कारण १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली, खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, आणि पुरावा कायद्यातलं माझं मृत्यूपूर्व जबाबाचं ३२(१) नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २६ मध्ये गेलं. पण निकाल सगळे जुन्या नंबरावर! नुसतं नवीन कलम टाकून शोधलं तर हाताला फारसं काही लागत नाही, आणि त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागू आहे, म्हणजे जुनी पुस्तकं अजून कितीतरी वर्षं लागणार.

आता ग्रंथपाल मॅडमबद्दल. मी सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा रोसम्माचा निकाल काढला होता, तीन न्यायाधीशांचा, जखमी माणूस शुद्धीवर आणि जबाब द्यायच्या मनःस्थितीत आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट हवंच, असा. डेझर्टेशनचं अख्खं एक प्रकरण त्यावर उभं केलं. मॅडमनी टाचण बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा पुढे टिकला का ते बघितलंस का?" डायजेस्ट (निकालांच्या सारांशांचं पुस्तक) उघडून दिलं, तर २००२ चा लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल तर सर्टिफिकेट नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही. प्रकरण पुन्हा लिहिलं, पण वाचले. असं सांगणारं माणूस लायब्ररीत असणं यासारखं दुसरं काही नाही.

त्रास म्हणजे कॉम्प्युटर चारच, त्यातले दोन बंद, आणि पेड डेटाबेसचं लॉगिन फक्त तिथेच चालतं, घरून नाही. सकाळी नोकरी करून येणाऱ्यांनी काय करायचं? पाचला कुलूप लागतं. याबद्दल अर्ज दिलाय, अजून काही झालं नाही.

तोपर्यंत घरी मी फुकटचंच वापरते. कायद्याच्या मूळ मजकुराला इंडिया कोड, सुप्रीम कोर्टाच्या निकालांना ई-एससीआर, त्यात १९५० पासूनचे निकाल आहेत आणि काहींचे मराठी अनुवाद पण मिळतात, आणि पटकन शोधायला इंडियन कानून, तिथे निकाल उघडला की नंतर तो कुठे कुठे उद्धृत झालाय ती यादी आधी बघायची, मग वाचायचं.

रेफरन्सची पुस्तकं घरी देत नाहीत, झेरॉक्स तळमजल्यावर आहे, साडेचारनंतर तिथे रांग लागते.