गळका मिक्सर, बनावट सर्व्हिस सेंटर आणि माझे 9,379 रुपये

कंपनीचा तंत्रज्ञ म्हणवून घेणाऱ्या एका माणसाने आमच्या न्हाणीघरातला अस्सल पितळी वॉल मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणारा भिंतीवरचा नळ, मोडून नेला, त्या जागी बनावट मिक्सर बसवला आणि माझ्याकडून एकूण 9,379 रुपये घेतले. रक्कम ऐकल्यावर "एवढेच ना?" असे म्हणणारे अनेक भेटले. त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्यांच्या घरी आज नळ गळतो आहे आणि जे मोबाइलवर कंपनीचे नाव टाकून ग्राहक सेवेचा क्रमांक शोधत आहेत, त्यांनी वाचावे.

मूळ बिघाड अगदी किरकोळ होता. गरम पाण्याच्या बाजूचा नॉब पूर्ण आवळला तरी थेंब थांबत नव्हते. आमच्या सोसायटीत टँकरचे जड पाणी येते, त्यातले क्षार साचून आतले स्पिंडल (नॉबबरोबर फिरून पाणी बंद करणारा भाग) खराब होते, हे पुण्यात निम्म्या घरांना ठाऊक आहे. नेहमीचा प्लंबर गावी गेला होता. मिक्सरला कंपनीची दहा वर्षांची हमी होती आणि तो बसवून सहा वर्षे झाली होती, त्यामुळे बाहेरच्या कोणाला हात लावू देण्यापेक्षा कंपनीचाच माणूस बोलवावा, हा विचार आजही मला चुकीचा वाटत नाही. शोध घेतल्यावर सर्वांत वर कंपनीचे बोधचिन्ह आणि एक क्रमांक आला. त्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'प्रायोजित', म्हणजे जाहिरात, असे लिहिलेले होते. क्रमांक 1800 ने सुरू होणारा नव्हता, साधा मोबाइल क्रमांक होता. बनावट ग्राहक सेवेच्या बातम्या मीही वाचते. परंतु त्या सगळ्यांत ओटीपी मागतात, नाहीतर मोबाइलचा पडदा पलीकडच्याला दिसेल असे ॲप घ्यायला लावतात. इथे पलीकडच्या मुलीने मिक्सरचे मॉडेल विचारले, पत्ता लिहून घेतला आणि 349 रुपये भेट शुल्क मागितले, जे काम झाल्यावर बिलातून वजा होणार होते. यात संशय घ्यावा असे काय होते, ते मला कोणी सांगावे. (ते वजा झाले नाहीत, हे सांगायला नकोच.)

ज्याला क्रमांक हवा असेल त्याने तो मिक्सरच्या खोक्यावरून किंवा हमीपत्रावरून घ्यावा, दुसरीकडून कुठूनही घेऊ नये. माझे हमीपत्र एका फाइलमध्ये होते. फाइल माळ्यावर होती आणि मोबाइल हातात होता.

आलेला माणूस नीटनेटका होता, अंगात बोधचिन्हाचा टी-शर्ट, खांद्याला जड पिशवी. मिक्सर पाहून तो म्हणाला, "मॅडम, गच्चीवर जाऊन तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून या, नाहीतर घरभर पाणी होईल." मी त्याला सांगितले की न्हाणीघरातच, माळ्याच्या खाली, गार आणि गरम पाण्याचे दोन स्वतंत्र कॉक आहेत. त्याने वर पाहिले आणि ते जाम झाले आहेत, जोर लावला तर तुटतील, असे सांगितले. जड पाण्यामुळे कॉक खरोखरच जाम होतात, म्हणून मी वर गेले. गच्चीवर प्रत्येक मजल्याचे व्हॉल्व्ह ओळीने आहेत, त्यातला आमचा शोधण्यात वेळ गेला. खाली आले तेव्हा लादीवर पाणी होते, मिक्सर एका बाजूला झुकला होता आणि तो माणूस बॅटरीच्या उजेडात मला गरम बाजूच्या जोडाशी पडलेली चीर दाखवत होता. "बॉडीच गेली आहे मॅडम, हात लावताच सुटली."

त्या क्षणी माझी नजर वर गेली होती. जाम म्हणून सांगितलेल्या दोन्ही कॉकच्या दांड्या आडव्या होत्या. दांडी पाइपला समांतर असली की पाणी सुरू आणि आडवी असली की बंद, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, कारण दर वेळी गावी जाताना मी स्वतः ते कॉक बंद करते. ज्याला ते फिरवता येत नव्हते, त्याने ते फिरवून बंद केले होते आणि मी परत येईपर्यंत निवांतपणे पान्याने जोड तोडला होता. मी ते पाहिले. पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही, कारण नेमक्या त्याच वेळी तो मला विचारत होता की सासूबाईंना संध्याकाळी अंघोळीला गरम पाणी लागेल ना. आजही रात्री जाग आली की मला त्या दोन आडव्या दांड्या दिसतात आणि संताप स्वतःवर काढावा की त्याच्यावर, हे कळत नाही. दुरुस्ती करणारा माणूस तुम्हाला काही आणायला, बंद करायला किंवा शोधायला खोलीबाहेर पाठवू लागला, तर जाऊ नका, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.

पुढे सगळे ओघाने आले. पाणी खराब असल्याने हमी लागू नाही. नवा मिक्सर योगायोगाने त्याच्या पिशवीतच होता. थेंब गळण्याच्या तक्रारीला कोणी अख्खा मिक्सर घेऊन येते का, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी पडला. मिक्सरचे 7,450, जोडणीच्या सामानाचे 680, मजुरी 1,200, आणि जुना मिक्सर 'कंपनीला परत' म्हणून 300 रुपये वजा, असे 9,030 रुपयांचे बिल झाले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर मोबाइलचे सुटे सामान विकणाऱ्या एका दुकानाचे नाव आले. "आमचे डीलर आहेत," असे तो म्हणाला. पिन टाकण्याआधी दिसणारे ते नाव वाचायलाच दिलेले असते. ते कंपनीचे नसेल तर पैसे देऊ नका.

बिलावर जीएसटी क्रमांकही होता. मी एका लहान कारखान्याची जीएसटीची विवरणे भरते. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून कोणालाही खातरजमा करता येते. माझ्या हातातल्या बिलावरचा क्रमांक 27 ने सुरू होत होता आणि चौदाच अक्षरांचा होता. कार्यालयात आलेल्या बिलात अशी चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. घरी, ओल्या लादीवर उभे राहून, ती सुटली. यावर हसणाऱ्यांनी स्वतःच्या घरातले मागचे बिल काढून अक्षरे मोजावीत.

महिना उलटायच्या आत नवा मिक्सर त्याच जोडाशी मध्यरात्री फुटला. पाणी भिंतीत मुरले आणि खालच्या घराच्या छताला ओल आली. गावाहून परतलेल्या आमच्या प्लंबरने तुटलेला तुकडा दाखवला: पितळ आतून पिवळे असते, हे करडे होते, जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेले. वजनालाही ते हलके होते. जुन्या मिक्सरला 260 रुपयांचे स्पिंडल पुरले असते, असे तो म्हणाला. तो जुना मिक्सर आता स्पिंडल बदलून कोणाच्या तरी भिंतीवर असेल किंवा पितळेच्या भावाने भंगारात गेला असेल. जुना भाग कधीही नेऊ देऊ नका, 300 रुपये काय, हजार दिले तरी. तो हातात नसल्यामुळे खऱ्या कंपनीनेही हात वर केले: आमच्याकडे तुमची तक्रार नोंदलेली नाही आणि वस्तूच नाही तर हमी कशावर द्यायची? नवा अस्सल मिक्सर 5,200, प्लंबर 800, खालच्यांच्या छताचे रंगकाम 4,500. म्हणजे हे 10,500 आणखी.

आता यंत्रणेबद्दल. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, "घरात पुरुष माणूस नव्हते का?" दुसरे उत्तर असे, की पैसे तुम्ही स्वखुशीने दिले, वस्तूही मिळाली, तेव्हा ही दिवाणी बाब आहे. खोट्या नावाने घरात शिरून, वस्तू मुद्दाम मोडून, बनावट माल अस्सल म्हणून विकणे हे दिवाणी असेल, तर भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम 318, म्हणजे जुने 420, कोणासाठी लिहिले आहे? मग "सायबरला करा" असा सल्ला मिळाला. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार केली, पोच मिळाली, आणि हद्दीच्या नियमाने ती तक्रार पुन्हा त्याच टेबलावर येऊन पडली, जिथून मला हाकलले होते. तिथल्या गृहस्थांनी ती माझ्यासमोर उघडून "मॅडम, तुम्हीच का?" असे विचारले. बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला आहे, यात आम्ही काही करू शकत नाही. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला कळवले, तर धोरणाचे उल्लंघन आढळले नाही, असे यांत्रिक उत्तर आले. ज्यांचे पैसे नुकतेच गेले आहेत त्यांनी अशा टेबलांपुढे वेळ न घालवता आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम काढून घेतली जाण्यापूर्वीच ती अडवता येते. माझ्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, हे मला ठाऊक आहे आणि भेटणारा प्रत्येक जण तेच सांगतो. परंतु नोटीस कोणाच्या नावे काढायची? बिलावरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले. तिथे पोळीभाजी केंद्र आहे आणि त्यांच्याकडे माझ्याआधीही लोक नळाची चौकशी करत आले होते. ही माहिती मी चौकीत दिली, तर त्या लोकांना तक्रार करायला सांगा, असे उत्तर मिळाले.

नोंद घेण्यास नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार पोलिसांच्या वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. मी बिलाची प्रत, पैसे भरल्याचा तपशील आणि तुटलेल्या करड्या तुकड्याचे छायाचित्र जोडून ती पाठवली आहे. जाहिरात अजून दिसते. बोधचिन्ह तेच आहे, क्रमांक बदलला आहे. तिचे स्क्रीनशॉट मी तारखेसह ठेवत आहे, आणि या टोळीविरुद्ध दुसऱ्या कोणाची तक्रार आल्यास माझी तिला जोडून घ्यावी, असा वेगळा अर्जही दिला आहे.