आई आणि बाळ, दोघांनाही घर: गोव्यातील एका आश्रयसेवेचा अनुभव

तरुण आई आणि तिचे तान्हे मूल यांची ताटातूट न करता दोघांनाही काही महिने एखाद्या कुटुंबात ठेवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुळलेली आहे. गोव्यात ती अजून नवखी आहे. फोंडा तालुक्यातील आमच्या घरी एका स्वयंसेवी संस्थेमार्फत अशी मायलेकरे राहून गेली, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण त्यावरून त्या आईची ओळख पटू शकते.

ही सेवा कायद्यात कुठे बसते, हे आधी सांगितलेले बरे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ खाली बालकल्याण समिती पोषक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचे मूल तात्पुरते सांभाळणाऱ्या कुटुंबांत, पाठवते ती मुले अठरा वर्षांखालची असतात. आमच्याकडे आलेली आई सज्ञान होती आणि बाळ तिच्याच ताब्यात होते, त्यामुळे समितीचा आदेशही नव्हता आणि सरकारी अनुदानही नव्हते. ती स्वेच्छेने आली होती आणि वाटेल तेव्हा जाऊ शकत होती. संस्थेने हे करारात लिहिले होते व तिच्यासमोर आम्हाला वाचूनही दाखवले होते. गर्भधारणेच्या वेळी मुलगी अठराच्या आतली असेल तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते, हेही प्रशिक्षणात आडपडदा न ठेवता सांगण्यात आले.

या प्रशिक्षणासाठी संस्थेला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे मला वाटते. कुटुंबाने बाळाला नव्हे, तर आईला सांभाळायचे असते, हा त्याचा गाभा. ऐकायला सोपे वाटणारे हे सूत्र गोव्यातल्या भरल्या घरात पाळणे किती कठीण असते, ते रात्री बाळ रडू लागले की कळते, कारण अशा वेळी सगळ्यांत आधी उठतात त्या घरातल्या आजी. आमच्या सासूबाईंनी अनेक बाळंतपणे निभावलेली असल्यामुळे त्यांना प्रशिक्षणाला नेण्याचा संस्थेचा आग्रह प्रथम विनोदीच वाटला होता. प्रत्यक्षात त्या न्हाणीच्या उंबऱ्याशी पाटावर बसून राहत आणि ती मुलगी पाय लांब करून, पोटऱ्यांवर बाळाला पालथे घेऊन, कोपराने पाण्याचा कढतपणा पाहत त्याला न्हाऊ घाली. सासूबाईंचे हात शिवशिवत असत. पण "मान धर गो, मान" यापलीकडे त्या जात नसत. काही आठवड्यांत ते सांगण्याचीही गरज उरली नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे रोजची नोंदवही. ब्रिटनमध्ये अशा वास्तव्यात साधारण बारा आठवडे आईच्या पालकत्वाचे मूल्यमापन चालते आणि पोषक कुटुंबाच्या नोंदी न्यायालयापर्यंत जाऊ शकतात. येथे न्यायालयाचा संबंध नव्हता, तरी दूध, झोप, लसी आणि आईची मनःस्थिती लिहायची होती. लिहिलेले पान आईने वाचून त्याखाली सही करायची, या नियमामुळे वहीला चहाडीचे रूप आले नाही. एकदा "आई चिडलेली होती" या माझ्या वाक्याखाली तिने "झोप झाली नव्हती" असे लिहिले, आणि तीच नोंद अधिक अचूक होती. जन्मदाखल्याच्या कामातही संस्था तयारीची निघाली: एकल आईच्या प्रतिज्ञापत्रावर, वडिलांचे नाव न सांगता, दाखला मिळू शकतो हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ मधील निर्णय कार्यकर्तीने सोबतच आणला होता.

तक्रारी दोन आहेत. रात्रीसाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक बहुधा कोणी उचलत नसे. बाळाला ताप आला तेव्हा आम्ही वाट न पाहता सरळ इस्पितळ गाठले. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आमच्याकडून गेल्यावर मायलेकरे कुठे राहणार आणि काय खाणार, याची आखणी शेवटच्या महिन्यात सुरू झाली. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळण्याची शक्यता होती, पण २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेसाठी त्याच आस्थापनेत आधी ८० दिवस काम झालेले असावे लागते आणि पाळणाघराची सक्ती ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे. बाळ घेऊन नव्याने नोकरी शोधणाऱ्या मुलीला पहिल्या तरतुदीचा उपयोग नाही आणि दुसरीचा असलाच तर नशिबाने. त्यात खोली भाड्याने देणारे प्रथम नवऱ्याची चौकशी करतात. शेवटी खोली मिळाली ती सासूबाईंच्या ओळखीने, आणि हे संस्थेच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

तरीही ज्यांच्या घरी एक स्वतंत्र खोली आहे आणि ओठांवर आलेला सल्ला गिळण्याची तयारी आहे, त्यांनी या सेवेसाठी नाव जरूर नोंदवावे. मात्र करारावर सही करण्यापूर्वी मुलीच्या पुढच्या निवाऱ्याची, कामाची आणि पाळणाघराची तजवीज कोण करणार व कधीपासून, हे त्यात लिहून घ्यावे. आमच्या करारात त्याविषयी एक ओळही नव्हती.