पंचवीस मोहरांच्या काड्या : चौदा महिन्यांनंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळातला अकरा दिवसांचा समुद्रप्रवास गेल्या महिन्यात एका मिनिटात संपला, म्हणून हे लिहायला बसलोय.

त्या प्रवासासाठी मी तीन रविवार घालवले होते. चार बेटं, एक बंद पडलेला दीपस्तंभ, वादळाचा तक्ता, जहाजावरच्या खलाशांची आपापसातली भांडणं. खेळ सुरू झाला, भाच्याने चिवड्याचा हात पँटला पुसला आणि म्हणाला, "मामा, माझे ५० मोहरांचे खडू आणि शाई कमी कर. टेलिपोर्टेशन सर्कल. आपण पोचलो." हा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, खडूने काढलेल्या वर्तुळातून दूरच्या कायमस्वरूपी वर्तुळात नेऊन सोडतो, आणि त्या वर्तुळाच्या खुणा त्याला माहीत असायचं कारण मीच. त्याच्या पात्राची नववी लेव्हल झाल्यावर त्याने हा स्पेल घेतला, तेव्हा नियमाप्रमाणे दोन कायमस्वरूपी वर्तुळांच्या खुणा डीएमने (खेळ चालवणाऱ्याने, आमच्याकडे मी) द्यायच्या असतात. मी जेवता जेवता घाईत राजधानी दिली आणि बंदराचं शहर दिलं. समुद्राच्या पलीकडचं तेच ते बंदर.

तर डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २०१४ ची. चौदा महिने, रविवार दुपार, चार खेळाडू, आता दहावी लेव्हल. लढाईचे नियम कसे आहेत वगैरे लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. माझी तक्रार दोनच गोष्टींशी आहे : पुढचं बघणारे स्पेल आणि अंतर खाणारे स्पेल. आणि खरं सांगायचं तर तक्रार एकाच गोष्टीशी आहे. ऑगरी या कौल विचारायच्या स्पेलच्या काड्या.

आमची क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण, म्हणजे वहिनी. तिसऱ्या लेव्हलला त्यांना ऑगरी मिळाला. २५ मोहरांच्या खुणा केलेल्या काड्या एकदा घ्यायच्या, टाकायच्या, आणि पुढच्या अर्ध्या तासात जे करणार त्याचं फळ काय ते विचारायचं : शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा काहीच नाही. रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून केला तर स्पेल स्लॉटही (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) जात नाही, फक्त अकरा मिनिटं जातात. आणि काड्या? काड्या खपत नाहीत! आयुष्यभर त्याच. चौथ्या लेव्हलच्या डिव्हिनेशन स्पेलला दर वेळी २५ मोहरांचा धूप आणि नैवेद्य जाळावा लागतो, तो आमच्याकडे चौदा महिन्यांत दोनदा झाला. ऑगरी किती वेळा झाला? मी वहीत रेघा मारत होतो. ६३ वेळा. दर वेळी काड्या जळाल्या असत्या तर १,५७५ मोहरा झाल्या असत्या. एवढ्यात लढवय्याचं चिलखत आलं असतं, तो बिचारा अजून साखळीच्या अंगरख्यात फिरतोय.

प्रत्येक दारापुढे काड्या. प्रत्येक पेटीपुढे काड्या. एकदा तर सरायीतल्या रश्श्यापुढे काड्या. लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) आत दुसऱ्यांदा टाकल्या की उत्तर भलतंच येण्याची शक्यता २५ टक्के, तिसऱ्यांदा ५०, चौथ्यांदा ७५. तो फासा डीएमने गुपचूप टाकायचा. म्हणजे पडद्याआड बसून मी खोटं बोलायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा. वहिनींना माझा चेहरा गेली बारा वर्षं माहीत आहे.

मग मी वाकड्यात शिरलो. काड्या दर वेळी जळतील असा घरचा नियम आणला, तो एक रविवार टिकला. पुढे खलनायकांच्या खोल्यांना शिसं लावलं, कारण वस्तू शोधणाऱ्या लोकेट ऑब्जेक्ट स्पेलला अडवायला शिशाचा पातळ पत्राही पुरतो. महत्त्वाच्या माणसांवर शोधणाऱ्या जादूपासून लपवणारा नॉनडिटेक्शन टाकला. त्याला दर आठ तासांनी २५ मोहरांची हिऱ्याची भुकटी लागते, पण खलनायकाचा खर्च कोण मोजतोय! सहाव्या महिन्यात भाच्याने विचारलं, "मामा, या राज्यात शिशाच्या खाणी आहेत तरी किती?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. आपला स्पेल कधी चालतच नाही हे कळलं की खेळाडू तो टाकायचं थांबवत नाही, आपल्यावर विश्वास ठेवायचं थांबवतो.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि या खेळाला पाचपैकी दोन चांदण्या द्यायच्या ठरवल्या होत्या. मधे दोन रविवार गेले, त्यामुळे आता वरचं थोडं मागे घ्यावं लागतंय.

झालं असं की वहिनी कुडाळकडच्या. चहा गाळता गाळता मी काड्यांवरून कुरकुरत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे देवाला कौल लावतात ना, तसंच आहे हे." गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर ओल्या हाताने कळ्या लावलेल्या असतात, उजवीकडची पडली की उजवा कौल, डावीकडची पडली की डावा. "पण आत किती माणसं लपलीत असं कोणी विचारत नाही. हे काम हाती घेऊ की नको, एवढंच विचारायचं. आणि उजवा दिला तर मग घ्यावंच लागतं. घरी जाऊन पुन्हा विचार करू, असं नाही चालत."

घरी येऊन ऑगरीचा परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात स्पष्ट लिहिलंय : पुढच्या तीस मिनिटांत तुम्ही जी ठरावीक कृती करणार आहात, तिच्याबद्दल. दारामागे काय आहे, रस्सा कसा आहे, हे प्रश्नच बसत नाहीत. ६३ वेळांपैकी निम्म्याहून जास्त वेळा मी चुकीच्या प्रश्नाला उत्तर देत बसलो होतो. परिच्छेद आहे चार-पाच ओळींचा. चौदा महिने.

आता काड्या टाकायच्या आधी वहिनींनी कृती मोठ्याने सांगायची : "आम्ही हे दार तोडून आत शिरणार आहोत." शिवाय अकरा मिनिटं मी खरोखर मोजतो. मशाल तासभर चालते, पाच वेळा काड्या टाकल्या की ती विझायला आली. परवाच्या रविवारी काड्या दोनदा पडल्या. दोनदा!

दुसरं, स्क्राइंग, दूरचा माणूस आरशात पाहायचा स्पेल. हजार मोहरांचा आरसा घ्यावा लागला तेव्हा मला वाटलं, झालं, आता रहस्य म्हणून काही उरलं नाही. आमच्या चोराने खलनायकाच्या सरायीतल्या कंगव्यातून केस उचलले होते. शरीराचा अंश हाती असला की त्याच्या सेव्हिंग थ्रोला (स्पेल चुकवायच्या फाशाला) उणे १०. फासा १७ पडला, तरी थ्रो फसला. पण हा स्पेल माणूस दाखवतो, गाव दाखवत नाही. दिसतं ते त्याच्या आसपासचं, आणि ऐकू येतं. मग मी एवढंच सांगितलं : तो ताटातला मासा खातोय. कंदील टांगलेला आहे आणि आपोआप डावीकडे जातो, उजवीकडे येतो. वरून लाकूड करकरतंय. कोणीतरी घंटा देतंय, दोन दोनच्या जोडीने.

लढवय्या, जो एरवी फक्त फरसाण संपवतो, तो म्हणाला, "कंदील हलतोय म्हणजे जमीन हलतेय." पुढची चाळीस मिनिटं मी तोंड उघडलं नाही. जहाज कुठलं, ताजा मासा म्हणजे किनारा जवळ का, घंटेवरून वेळ कुठली, सगळं त्यांनीच काढलं. चौदा महिन्यांतला सगळ्यात चांगला रविवार, आणि त्यात एकही तलवार उपसली गेली नाही.

खलनायक जहाजावर आहे म्हटल्यावर तिथे वर्तुळ नाही. भाच्याचा खडू खिशातच राहिला. वर्तुळाशिवाय नेणारा टेलिपोर्ट स्पेल अजून तीन लेव्हल लांब आहे, आणि तो आला तरी एकदाच पाहिलेल्या जागी, जादूने पाहिलेली का असेना, नेमकं उतरण्याची शक्यता २७ टक्के आणि अपघात ४३ टक्के. हा तक्ता मी आधी नीट वाचला असता तर निम्मी भीती कमी झाली असती. वर्तुळांचंही सोडवलं : मोठं वर्तुळ म्हणजे कुणाचं तरी देऊळ किंवा गिल्ड (व्यावसायिकांचा संघ), तिथे आता जकातीचा कारकून बसतो. सामान उघडून दाखवा, पावती घ्या. खेळाडूंना तो कुठल्याही ड्रॅगनपेक्षा जास्त खुपतो.

२०२४ ची सुधारित आवृत्ती मी घेतलेली नाही. आहे ते पुस्तक फाटेपर्यंत वापरणार. फुकट मिळणारा नियमसंच तेवढा उघडून पाहिला. ऑगरी तिथे सुधारलाय : पुन्हा पुन्हा विचारलं की खोटं उत्तर येत नाही, उत्तर न मिळण्याची शक्यता वाढते. डीएमचं खोटं बोलणं गेलं. हे मी आमच्याकडे लगेच लागू केलं. काड्या मात्र अजूनही २५ मोहरांच्या, आणि अजूनही खपत नाहीत. दहा वर्षं मिळाली होती त्यांना. एक वाक्य घालायचं होतं.

चार चांदण्या. काड्यांमुळे पाचवी दिली नाही.

परवा पार्टी, म्हणजे चौघांची पात्रं, धक्क्यावर उभी होती. भाड्याचं गलबत, अकरा दिवसांचा पल्ला. मी कपाटातून जुनी फाइल काढली, वादळाचा तक्ता वर ठेवला. वहिनी म्हणाल्या, "आम्ही आत्ता, याच गलबतावरून निघणार आहोत," आणि काड्या टाकल्या.

"दोन्ही," मी म्हणालो.

भाच्याने फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामा, ही तीच बेटं आहेत ना?"