'राझी' की 'नोटोरियस'? आधी कोणता बघावा

देशासाठी हेरगिरी करायला एका मुलीला शत्रूच्या घरात बायको म्हणून पाठवायचं, ही दोन्ही सिनेमांची गोष्ट. एकाच रात्री एकच बघायचा असेल तर आधी घरात कोण कोण बसणार आहे ते ठरवा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. खानापूर, चिकोडी, निपाणीकडे कित्येक घरांत कुणी ना कुणी मिल्ट्रीत असतं. अशा घरात आई-आजीसकट सगळे बसणार असतील तर मेघना गुलजार यांचा 'राझी' (२०१८) लावा. १९७१ च्या युद्धाआधीचे दिवस. दिल्लीत शिकणारी काश्मिरी सेहमत वडिलांच्या शब्दाखातर पाकिस्तानी ब्रिगेडियरची सून होते. आपल्या बायकांना हे घर लगेच ओळखीचं वाटेल: वर्दीतला सासरा, वर्दीतला दीर, घरी येणारे अधिकारी आणि त्यांच्यापुढे अदबीनं वावरणारी नवी सून. थोरली जाऊ मुनिरा झालीय आपली अमृता खानविलकर.

नवरा इक्बाल (विकी कौशल) भला माणूस आहे आणि सिनेमाची खरी कळ तिथंच आहे. लग्न झालं तरी तो सेहमतवर कसलाच हक्क गाजवत नाही, तिला वेळ देतो. तो जितका चांगला वागतो तितकं तिचं काम अवघड होत जातं. आलिया भट्टच्या चेहऱ्यावर हे शब्दांशिवाय दिसतं. लष्करी शाळेतल्या मुलांना ती 'ऐ वतन' शिकवते तो प्रसंग तर चुकवूच नका. मुलं आपल्या देशासाठी गातात, ती आपल्या; गाणं मात्र एकच. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे आतपर्यंत लागतं, मला तरी फार लागलं.

उणं एवढंच की तिचं प्रशिक्षण फार भराभर उरकतं, आणि एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या घरात काही गोष्टी तिला फार सहज सापडतात.

'नोटोरियस' (१९४६) आल्फ्रेड हिचकॉकचा, कृष्णधवल, इंग्रजी. घरच्या मोठ्यांना तो कंटाळवाणा वाटेल, शिवाय त्यात एक लांबलचक चुंबनदृश्य आहे, त्यामुळे सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं होईल. नवरा-बायकोनं किंवा एकट्यानं बघावा.

इथं अलिशियाचं (इंग्रिड बर्गमन) प्रेम आहे ते तिला कामावर नेमणाऱ्या डेव्हलिनवर (कॅरी ग्रँट). रिओ दि जानेरोतल्या नाझींच्या टोळक्यात शिरण्यासाठी ती त्यांच्यातल्याच सेबॅस्टियनशी लग्न करते, आणि डेव्हलिन तिला अडवत नाही. 'नको जाऊस' एवढं तो म्हणाला असता तर! तो म्हणत नाही, आणि आपण पुढचा सगळा सिनेमा त्याच्यावर चिडून बघतो. प्रेमकथा म्हणून मला हाच जास्त खरा वाटतो, कारण इथं दुखावणारा माणूस शत्रू नाही, आपलाच आहे.

बंगल्यातल्या मेजवानीचा प्रसंग नीट बघा. वर गॅलरीतून सगळा दिवाणखाना दिसतो, पाहुणे, झुंबर, गर्दी. तिथून कॅमेरा न थांबता खाली उतरत जातो आणि अलिशियाच्या मुठीतल्या तळघराच्या किल्लीवर येऊन थांबतो. सासूही लक्षात ठेवा. त्या घरात सगळ्यात धोकादायक बाई तीच.

'राझी' सव्वादोन तासांच्या थोडा वर जातो, 'नोटोरियस' पावणेदोन तासांच्या आत संपतो. पण वेळ कमी आहे म्हणून दुसरा निवडू नका. त्यातलं अर्धं बोलणं नजरेतलं आहे, आणि सबटायटल वाचताना नजर खाली राहिली तर ते निसटतं. घरात कुणी सुट्टीवर आलेलं असेल तर त्याच्यासोबत 'राझी'च बघा. जेवणं उरकून घ्या आधी, मध्ये उठावंसं वाटणार नाही.