उंडीची रोपं बियांपासून: काळ्या जमिनीच्या मुलखातले अकरा महिने

कोकणच्या किनाऱ्यावरचं उंडीचं झाड विदर्भात बियांपासून येतं, पण नुसतं टोचून मोकळं होता येत नाही. जुलैत पिशव्यांत लावलेल्या बियांची रोपं नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) काढून सव्वा फुटावर आली आहेत.

बी ताजंच हवं. गर पिवळसर पांढरा आणि टणक दिसला पाहिजे. तेलासाठी वाळवलेला तपकिरी पडतो, तो उगवत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात निम्म्या बिया अशाच निघाल्या. 'तरंगतं ते पोचट' हा नियम मात्र इथं लावू नका. कवचाला आतून बुचासारखा हलका थर असतो आणि उंडीचं बी समुद्रावर तरंगतच पसरतं. चांगलं बीही बुडत नाही.

खरी अडचण कवचाची. तसंच लावलं तर जवळपास दोन महिने जातात, पूर्ण काढलं तर तीन आठवड्यांत कोंब दिसतो. बी विटेवर धरून, फिरवत फिरवत हातोडीचे हलके ठोके द्या. कवच तडकलं की थांबा, पुढचं बोटांनी सोला. गराला चीर गेली की तो पिशवीत कुजलाच समजा.

दोन भाग रेती, एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. सोटमूळ लवकर खाली जातं, म्हणून पिशवी दहा इंच तरी उंच हवी. बी इंचभर खोल. डाळी मातीतच राहतात, वर थेट कोंब येतो. उगवलं का म्हणून उकरून पाहू नका.

मे महिन्यात पानांच्या कडा करपतात. हिरवी नेट किंवा तुराट्यांचा मांडव, दोन्ही चालतात. पाणी सकाळी, तेही वरची माती सुकल्यावरच.

समुद्रकाठचं झाड खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, सहज लागेल, असं अकोला-दर्यापूरकडे वाटणं साहजिक आहे. उंडी खारं सोसते, पण किनाऱ्यावर तिच्या मुळाशी पाणी झिरपणारी वाळू असते. पूर्णाकाठच्या चोपण मातीत पाणी झिरपतच नाही, मुळं गुदमरतात. साध्या काळ्या जमिनीतही पावसाळ्यात तेच, आणि उन्हाळ्यात भेगा मुळं तोडतात. म्हणून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) दीड फूट उंच ओटा करा, त्यात मुरूम आणि रेती मिसळा, बुडाशी पालापाचोळा जाड पसरा. पांढऱ्या, सुवासिक फुलांसाठी सात-आठ वर्षं धरा. रोप दोन फुटांचं होईपर्यंत पिशवीतच राहू द्या.